पुकाऱ्यातलं तुझं नाव

ऋषी,

पहिला घाव तुझ्या डाव्या कानामागे बसला. गावात आता सांगत फिरतात की आवाज पार तलावापर्यंत गेला. खोटं आहे. आवाज अगदी लहान होता, कुणी खुर्ची सरकवावी एवढा. तू खाली बसलास आणि हात वर करून वल्हं उगारलेल्या पत्रूला काहीतरी समजावायला लागलास, तेवढ्यात दुसरा घाव त्या हातावर पडला. तिसरा मी पाहिला नाही. तोवर मी मच्छीमार संस्थेच्या मागच्या दारातून तरोट्याच्या झुडपांत शिरलो होतो, आणि माझ्या उजव्या पायातली चप्पल उंबऱ्याला अडकून आतच राहिली होती.

नागपूरच्या एका पेपरचा वार्ताहर तुझ्याविषयी चार ओळी मागायला ब्रह्मपुरीला माझ्या खोलीवर आला होता. जन्म कधी, शिक्षण किती, संस्थेचे सचिव किती वर्षं, मागे कोण कोण. त्याला मी दारातूनच हाकललं. चार ओळींतली एक तरी खरी असायला हवी, आणि खरी ओळ लिहायची तेव्हा माझी छाती नव्हती. आता लिहितो. अजून डोकं तापलेलंच आहे, तेव्हा काही कमीजास्त झालं तर तू नेहमी म्हणायचास तसं म्हण, "सुध्या, दम घे न बे."

आपली दोस्तीच मुळात मारापासून सुरू झाली. नऊ-दहा वर्षांचे असू. मी तलावात बुडत होतो, तू केसांना धरून मला ओढलंस, बांधावर, आपल्या पारीवर, आणून आपटलंस आणि नाकातोंडातून पाणी येईपर्यंत छातीवर बुक्क्या घातल्यास. पाणी निघाल्यावर वर एक थोबाडीत दिलीस आणि म्हणालास, "आता रड." आमच्या वस्तीतली पोरं तलावाच्या त्या बाजूला जात नसत. कुणी अडवलं नसतं कदाचित, पण म्हाताऱ्यांच्या डोक्यात घाट अजून वेगवेगळेच होते, आणि ते डोक्यातलं आम्हाला चालताना पायांत जाणवायचं. तुला मात्र त्यातलं काही कळलंच नाही कधी. तुझ्यासाठी मी म्हणजे पोहता न येणारा एक गाढव होतो, बस्स. त्या उन्हाळ्यात तू मला पोहायला शिकवलंस, तेही लाथा घालूनच.

तू साधू नव्हतास. लोक आता तुझ्या फोटोला हार घालून तुला देवमाणूस करायला निघालेत, म्हणून मुद्दाम लिहितो. शेजारच्या गावचे दोघं जाळं चोरताना सापडले, तेव्हा एकाची करंगळी तू मागे वाकवून मोडलीस. मी शेजारीच होतो. कट्‌ असा आवाज आला आणि मला ओकारी झाली. त्याला दवाखान्यात सायकलवर डबलसीट नेलंसही तूच, आणि रस्ताभर त्याला शिव्या घातल्यास. तुझा राग असा होता, हात टाकून झाला की संपायचा. माझा संपत नाही. मी तो जपून ठेवतो आणि नको त्या माणसावर काढतो.

पुकारा तुला काय सांगायचा, पण मला एकदा नीट आठवू दे. पावसाळा सरला की ज्या सकाळी तलावात पहिलं जाळं पडायचं, त्या सकाळी मासेमारी करणाऱ्या सगळ्या ढिवर घरांतली माणसं पारीवर जमायची. अध्यक्ष डोमाभाऊ उंच जागी उभा राहून एकेक नाव घ्यायचा, त्याच क्रमानं वर्षभर मासे धरायची पाळी लागायची. हातात वही नाही, कागद नाही. आणि जो मेला त्याचंही नाव तो घ्यायचा. ज्यानं चूल मांडली त्याच्या नावानं हाक, मग तो मरून वीस वर्षं का होईनात. त्या घरातला जो कुणी हजर असेल तो ओ द्यायचा. "गोमा!" म्हटलं की पत्रू म्हणायचा, "हाय." बाप वारला असं कुणी म्हणायचं नाही. पुकाऱ्यात मेलेलं कुणी नसायचं.

मी लांब बाभळीखाली उभा राहून ऐकायचो. आमच्या बापाचं नाव त्यात नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं, आम्ही धानाच्या बांधीत राबणारी माणसं. पण ते "हाय" ऐकायला मी दरवर्षी यायचो. खरं सांगू का ऋषी, मला हेवा वाटायचा. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. तू म्हणायचास, माणसांच्या ध्यानात हाय थे पक्कं. मी म्हणायचो, ध्यानात काय काय असतं ते आम्हाला विचार. गावाच्या ध्यानात आम्ही कुठं बसायचं ते होतं, कुठलं पाणी प्यायचं ते होतं. आमच्या घरात पहिलं अक्षर आलं ते माझ्या बापानं विहाराच्या ओसरीवर गिरवलं म्हणून, आणि त्यानंतर आम्हाला जे काही मिळालं ते कागदावर लिहिलेलं होतं म्हणूनच मिळालं. लिहिलेलं नाही ते कधीच आमचं नव्हतं. हे बोलताना माझा आवाज चढायचा आणि तू जाळ्याच्या गाठी मारत राहायचास. भांडण मी जिंकलो असं मला वाटायचं.

मग मी वाणिज्य शाखेचा प्राध्यापक झालो आणि माझ्या अंगात विद्या शिरली. शतक बदललं त्याच्या आगेमागे आम्हा प्राध्यापकांत एक वारं शिरलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या लबाड्या बाहेर पडत होत्या, आणि जो तो चर्चासत्रात कंपनीचा कारभार, संचालकांचं उत्तरदायित्व, पारदर्शकता यांवर निबंध वाचत होता. कंपनी नेमकी कुणाची, भागधारकांची की तिच्यावर पोट असणाऱ्या सगळ्यांची, यावर जेवणाच्या सुट्टीत हमरीतुमरी व्हायची. दुसरं वारं संगणकाचं. माहिती एकदा यंत्रात गेली की संस्थेची अख्खी चालच बदलते, कारभार कुणाच्या लहरीवर राहत नाही. मी ठरवलं, हे दोन्ही आपल्या गावच्या मच्छीमार संस्थेवर लावून पाहायचं. पीएच.डी.ला विषय मंजूर झाला, तेव्हा मी पेढे घेऊन तुझ्याकडे आलो.

"म्हंजे आमी तुह्या प्रयोगातले बेडूक का बे?" तू विचारलंस. पेढे मात्र सगळे खाल्लेस.

कॉलेजनं काढून टाकलेला एक संगणक मी संस्थेच्या खोलीत आणून बसवला. तू त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून नवं कोरं निळं जाळं चौपदरी घडी करून पांघरलंस. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचास, हात लावू द्यायचा नाहीस. मी नावं टिपायचो, तू आठवून सांगायचास, कोण कुणाचा, कुणाची चूल कधी वेगळी झाली. एकदा मध्येच थांबून तू विचारलंस, "सुध्या, कंपनीत भागवाला मेला त का होते?"

"शेअर वारसाच्या नावावर चढतात."

"अन् त्याचं नाव?"

"जातं."

"मंग त्याले हाक कोन मारते?"

"कंपनीत कुणी हाक मारत नाही, ऋषी."

"मंग काई कामाची नाई तुही कंपनी," तू म्हणालास, आणि हसलास. मी हसलो नाही. मी म्हटलं, "हाक मारणाराच उद्या फिरला तर? डोमाभाऊला तुझा राग आला आणि त्यानं तुझं नाव गाळलं तर काय करशील? कागदावर असेल तर त्याच्या बापाला गाळता येणार नाही."

"डोमाभाऊ नाव गाळन? माहं?" तू माझ्याकडे खरंच कीव आल्यासारखं पाहिलंस. "पागल झाला का तू?"

हे बोलणं लक्षात ठेव. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

यादी तयार झाली. यंत्रात मी एक रकाना केला होता, सभासद हयात की मृत. मृत लिहिलेली सगळी नावं मी वेगळ्या पानावर टाकली आणि वर मथळा दिला, निष्क्रिय सभासद. दारावर लावायचं ते हयातांचं पान, दुसरं माझ्या फायलीत, वारसांची नावं मागाहून चढवायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुठल्याही शहाण्या संस्थेत असंच करतात. पुढच्या आठवड्यात नागपूरला चर्चासत्र होतं, तिथं मला सांगायचं होतं की यादी अद्ययावत झाली, संस्थेच्या दारावर लागली, सर्वसाधारण सभेपुढे आली. मी तुला पाहायला दिलेली दोन्ही पानं घेऊन तू ब्रह्मपुरीला स्टँडवर आलास. आपण जीपगाड्यांच्या मधल्या चिखलात उभे होतो, मूल गावाकडे जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर मूल, मूल म्हणून ओरडत होते.

"हे लावू नोको," तू म्हणालास. "सभेत पयले इचारू. गोमाकाका अलग पानावर? पत्रू वाचन त का वाटन त्याले?"

"पत्रूला वाचता येतं का?" मी म्हटलं.

हे मी म्हटलं. बापाकडून विहाराच्या ओसरीची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसानं. तू हातातलं ते दुसरं पान वर घेतलंस. मग हळूच म्हणालास, "तुही माय वारली सुध्या. तिलेबी असंच निष्क्रिय लिहशील?"

मी तुझ्या तोंडात मारली. भर स्टँडवर, सगळ्यांदेखत. कागद चिखलात पडले. जीपवाले ओरडायचे थांबले. तू खाली वाकून कागद उचललेस, लुंगीला पुसलेस, आणि गालावरून हात फिरवत म्हणालास, "दुखलं नाई बे. खडूचा हात हाय तुहा. चाल, चाय पाज." मी तुझ्या हातातून कागद हिसकावले आणि समोरच्या जीपमध्ये चढलो. कुठली जीप तेही पाहिलं नाही. ती अहेरीकडची निघाली आणि मला पुढच्या फाट्यावर उतरून चालत यावं लागलं. तुला हे कळलं असतं तर तू वर्षभर हसला असतास. ते ऐकायलाही तू आता नाहीस.

सभेच्या दिवशी सकाळी गावात येऊन मी माझ्या हातानं खळ लावून हयातांची यादी संस्थेच्या दारावर चिकटवली. दुपारी सभा भरली. पत्रूनं कुणाकडून तरी यादी वाचून घेतली. "गोमा कुठी हाय?" त्यानं विचारलं. वाचणाऱ्यानं बोट वरून खाली नेलं, पुन्हा वरून खाली नेलं. "नाई बाप्पा. नाई." पत्रू बाहेर गेला. ज्या माणसाला पाळी नाही त्याला तलाव नाही, आणि तलाव नाही तर त्याला गावात काय आहे, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्यांच्या घरातली नावं गेली होती ते सगळे उभे राहिले. पत्रू परत आला तेव्हा त्याच्या हातात डोंग्याचं वल्हं होतं. दुसऱ्या एकानं कुऱ्हाड आणली होती. त्यानं तुझं ते निळं जाळं ओढून काढलं आणि संगणकावर पहिला घाव घातला. काच फुटून माझ्या मांडीवर आली. बायका किंचाळत होत्या, डोमाभाऊ टेबलावर मुठी आपटत होता, "कोनं लावली? कोनं लावली थे यादी?"

मी पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो होतो, त्या फुटक्या यंत्राशेजारी. माझं तोंड उघडलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बोलणार होतो की नव्हतो, हे मला अजून ठरवता येत नाही, पण तुला ते माझ्या आधी कळलं. तू उभा राहिलास.

"मीनं," तू म्हणालास. "दार संस्थेचं, सचिव मी. लागली त मीनंच लावली."

उत्तरदायित्व या विषयावर माझ्या प्रबंधात अख्खं एक प्रकरण आहे, ऋषी. त्यात तुझ्या या वाक्याइतकं खरं एकही वाक्य नाही. मी ते ऐकलं, आणि मग पत्रूनं वल्हं उचललं, आणि मी पळालो.

एका पायानं अनवाणी मी डांबरी रस्त्यापर्यंत गेलो. पायात काटे गेले, काच गेली. ब्रह्मपुरीकडे जाणारं काहीतरी मिळावं म्हणून पळसाच्या झाडाशी उभा राहिलो. गावाकडून जीप आली, हॉर्न वाजवत. मला पाहून ड्रायव्हरनं वेग कमी केला, पॅसेंजर वाटला असेन. मागे तुझे पाय बाहेर आलेले दिसले. तुझं डोकं वनितावहिनीच्या मांडीवर होतं आणि तिनं आपल्या पदरानं ते आवळून धरलं होतं, तिचा हात कोपरापर्यंत लाल. मी झाडामागे सरकलो. तुझी बायको माझ्या अनवाणी पायाकडे पाहत होती. जीप पुढे गेली. तुझा जीव त्या रस्त्यावरच गेला असं नंतर कळलं. मी जीपमध्ये चढलो असतो तर तू वाचला असतास असं नाही. पण तुझा हात कुणीतरी धरला असता, तिचे दोन्ही तर गुंतले होते.

पोलिसांना मी सांगितलं की गोंधळ सुरू व्हायच्या आधीच मी निघालो होतो. यादी सचिवांनी केली, मी फक्त संगणक चालवायला मदत केली. सही केली. माझी सही फार सुबक आहे, तू नेहमी म्हणायचास.

चार दिवसांनी नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक सरांचा कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. वाईट झालं म्हणाले. मग म्हणाले, "पण तुमचं सहावं प्रकरण आता वजनदार होईल. बदलाला होणारा विरोध, सध्या याच्यावरच सगळीकडे काम चाललंय. ही घटना नीट मांडा." त्या मसुद्यात तुझं नाव नाही, तू उत्तरदाता क्रमांक चार आहेस. मी रिसीव्हर टेबलावर आपटला, तो फुटला तरी आपटत राहिलो. हेडक्लार्कनं येऊन माझा हात धरला. मला वाटलं होतं की हा राग त्या सरांवर आहे. पत्रूवरही मी असाच राग काढत होतो. तो चंद्रपूरच्या जेलात होता आणि मी इथं खोलीत बसून त्याला रोज मारत होतो. कधी वल्ह्यानं, कधी दगडानं, एकदा तर तलावात डोकं दाबून धरलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत मोजत राहिलो. भिंतीवर ठोसे मारून माझी बोटं सुजली होती. वर्गात खडू धरता येत नव्हता.

तुझी तेरवी झाली, मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वनितावहिनी माझ्या दारात उभी. स्टँडवरून चालत आली होती. हातात पेपरात गुंडाळलेलं पुडकं. तिनं ते माझ्या पायाशी ठेवलं आणि उघडलं.

"तुमची हाय न, सर?"

आजवर ती मला सुधाकरभाऊ म्हणत आली. चप्पल धुऊन स्वच्छ केलेली होती, अंगठ्याजवळची शिलाई उसवलेली. मी हो म्हटलं.

"संस्थेची खोली मीनंच धुतली. दुसरं कोनी हात लावाले तयार नोतं. रगत लागलं होतं हिले, म्हून घासली."

मी तिला बस म्हटलं, चहा टाकतो म्हटलं. ती बसली नाही. उभ्यानंच तिनं सांगितलं की दोन दिवसांनी पुकारा आहे, आणि डोमाभाऊनं ठरवलं आहे की ज्यानं मेलेल्यांची नावं काढली त्याचंही नाव आता घ्यायचं नाही. तू मेलास, तू तुझ्याच यादीप्रमाणे गेलास. तुझ्या चुलीला पाळी नाही. तुझं नाव या तलावावर पुन्हा कुणी घेणार नाही.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "आदल्या रोजी घरी येऊन थे सांगत होते, सुध्या आयकत नाई, उद्या काईतरी होईन. तुमाले बोलाचं असन त पुकाऱ्याच्या आधी बोला. मंग नोका बोलू."

ती निघून गेली. मी चप्पल हातात घेऊन बसलो आणि मला आपलं ते जुनं बोलणं आठवलं. डोमाभाऊनं नाव गाळलं तर? बघ, मी म्हटलं होतं. मी जिंकलो होतो, ऋषी, आणि असं जिंकल्यावर माणसाला स्वतःचाच गळा दाबावासा वाटतो. पण माझा तरी कागद कुठे तुझ्या उपयोगी पडला? माझ्या कागदात तर तू दुसऱ्याच दिवशी वेगळ्या पानावर गेला असतास. डोमाभाऊनं तुला गाळलं ते माझ्याच यादीचा नियम लावून. तू असतास तर आपण या मुद्द्यावर तीन कप चहा प्यायलो असतो. कोण बरोबर होतं ते मला अजूनही कळत नाही, आणि भांडायला तू नाहीस म्हणून मला तुझाही राग येतो. मधे कशाला पडलास? मी सांगितलं होतं का तुला? केसांना धरून ओढायची ही काय सवय होती तुझी?

आज मी ठाण्यात जाऊन जबाब बदलून आलो. फौजदार म्हणाला, पुन्हा पुन्हा बोलावू, नोकरीवरही येऊ शकतं. येऊ दे. पण तुला ठाण्याचं काही ऐकायचं नसणार. कालची सकाळ सांगतो.

मी तीच चप्पल घालून पारीवर आलो. सगळे होते. पत्रूची आई सगुणाबाई पुढेच बसली होती, एकटी, पोरगा जेलात. वनितावहिनी पार कडेला. काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ केलं होतं, चांगल्या वर्गातल्या भाषेत. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"डोमाभाऊ, यादी मीनं केली. दारावर मीनंच चिकटवली, ह्या हातानं. ऋषी नाई म्हनत होता. मीनं त्याले त्याच्यासाठी थापड मारली. त्या रोजी त्यानं माह्या नावचा मार खाल्ला, अन् मी पळालो."

 सगुणाबाई उठली. सत्तरीची बाई, तिला चालायला काठी लागते. काठी तिनं टाकून दिली आणि दोन्ही हातांनी माझ्या तोंडावर मारायला लागली. "माहा लेक जेलात अन् थो मातीत, तुह्यापायी! तुह्यापायी!" तिची बांगडी फुटून माझ्या भुवईत घुसली. मागून कुणीतरी लाथ घातली, मी चिखलात पडलो, ओठ दातांखाली फाटला. मग आणखी लाथा आल्या, पाठीत, बरगडीत. मी डोकं झाकलं नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, हात उचलत नव्हते. डोमाभाऊ पाहत होता. सगुणाबाईचा श्वास फुलला तेव्हा ती माझ्या शेजारीच चिखलात बसली आणि गोमाच्या नावानं मोठ्यानं रडायला लागली.

"झालं?" डोमाभाऊ म्हणाला. "उठ आता. ठान्यात जाशीन?"

"जातो."

"तिकडं हो. पुकारा हाय."

मी बाभळीकडे गेलो, लहानपणी उभा राहायचो तिथंच. तोंडात रक्त येत होतं, गिळत होतो. डोमाभाऊ उंच जागेवर चढला. नावं सुरू झाली. मेलेली, जिवंत, सगळी मिसळून, त्याला आठवतील तशी. माझ्या त्या वेगळ्या पानावरचं एकेक नाव आलं आणि एकेक घर ओ देत गेलं. "गोमा!" सगुणाबाईनं चिखलाच्या हातांनी डोळे पुसले आणि म्हणाली, "हाय." तुझी जागा कुठं येते ते मला तोंडपाठ होतं. ती जागा आली. डोमाभाऊ तिथं थांबला नाही, पुढचं नाव घेतलं. त्याच्या पुढचं घेतलं. वनितावहिनी हलली नाही. शेवटचं नाव झालं. माणसं जाळी उचलायला लागली, कुणी डोंगा सोडायला पाण्यात उतरलं. डोमाभाऊ उतरण उतरायला वळला, पायानं माती चाचपली आणि तसाच उभा राहिला. त्यानं दोनदा खाकरून घसा मोकळा केला.

"ऋषी!"

सगळे जागच्या जागी थांबले. ओ आली नाही. म्हाताऱ्यानं पुन्हा हाक मारली, उशिरा येणाऱ्याला मारायचा तशी, रागावून. "अबे ऋषी! हायस का नाई?"

माझ्या तोंडातून शब्द निघणारच होता. फाटलेला ओठ मी दातांत गच्च दाबून धरला, कारण तुझ्या चुलीतला मी नव्हे, आणि एकदा तू माझ्या नावाला ओ दिलीस म्हणून मला तुझ्या नावाला देता येत नाही. वनितावहिनीनं पदर खोचला, माणसांतून वाट काढत पुढे आली, आणि तलावाच्या पल्याड ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "हाय."